नावानंतर थांबायची जागा

टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत पाहुणे म्हणून येणाऱ्या गायकांची मला शाळेपासून कीव येत आली आहे. दाराची बेल वाजते, घरातली बाई दार उघडते आणि किंचाळते, थोरला मुलगा चक्कर येऊन पडल्याचं नाटक करतो आणि दारात तो नावाजलेला गायक नुसता हसत उभा असतो. हात खिशात घालावेत की जोडावेत हे त्याला कळत नसतं. त्याला काम दिलेलं असतं स्वतःचंच, आणि नेमकं तेच त्याला येत नसतं. मग सोफ्यावर बसून तो दोन ओळी म्हणतो, सगळं घर नाचतं, तो चहा पितो आणि जातो. मी जेवता जेवता मोठ्याने म्हणायचे, "एवढा मोठा माणूस, आणि बसलाय बघा कसा, पाहुण्यांकडे आणलेल्या मांजरासारखा."

ती मालिका आमच्याकडे घराघरात बघतात. मी सहावी-सातवीत असताना सुरू झाली, मध्ये बंद पडली, जुने भाग रोज दुपारी लागत राहिले आणि आता पुन्हा नव्याने सुरू झाली आहे. त्या मालिकेतून मला फोन आला, तेव्हा मी अंजूरच्या नाक्यावर भिवंडीच्या रिक्षात बसले होते. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, एका भागात पाहुणी म्हणून यायचं. तुम्ही तुम्हीच असणार." मला आधी आनंद झाला, आणि लगेच ते सोफ्यावरचं मांजर आठवलं.

मी हळदीची गाणी म्हणते. नवरा कीबोर्ड वाजवतो, टेम्पोत स्पीकर घालतो आणि आम्ही गावोगाव जातो. दोन वर्षांपूर्वी आमचं एक गाणं लोकांनी अचानक उचलून धरलं. पूर्णा गावच्या गोदामांत गाडी भरतानाही पोरं ते लावतात. गाण्यात तसं काही विशेष नाही, ठेका बरा आहे. पण त्याची सुरुवात ऐकली की आमच्या भागातली कोणतीही बाई जागच्या जागी थांबते, कारण ती सुरुवात धवळ्याची आहे आणि आवाज माझ्या मावशीचा आहे.

धवळा म्हणजे आमच्या लग्नातलं बायकांचं गाणं. पण गाणं म्हटलं की लोकांचा गैरसमज होतो. ते बोलावणं आहे. हळद कुटताना धवळारीण आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाला नावाने हाक मारते, की या, तुमच्या घरात लग्न आहे, मांडवात बसा. प्रत्येक नावानंतर ती थांबते. त्या थांबण्यात बाकीच्या बायका तेच नाव परत म्हणतात, म्हणजे तो माणूस आला असं धरायचं. सगळे आले की त्यांना बसवायचं, नैवेद्य दाखवायचा आणि शेवटी नीट निरोप देऊन परत पाठवायचं. अर्ध्यावर सोडायचं नाही. बोलावून वाऱ्यावर सोडलेला पाहुणा जिवंत असला तरी रागावतो, मग हे तर गेलेले.

मावशी आमच्या पट्ट्यातली मोठी धवळारीण. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी वाढले तिच्याकडे आणि शिकलेही तिच्याकडेच. रेकॉर्डिंगच्या वेळी ती स्टुडिओत यायला तयार नव्हती. शेवटी चुलत बहिणीच्या खऱ्या हळदीत, खऱ्या मांडवात, फोनवर तिच्या दोन ओळी घेतल्या, त्याही पहिलं नाव यायच्या आधी तोडल्या. "नाव न्हाय, तर बोलावनं न्हाय," ती म्हणाली होती.

मालिकेवाल्यांनी माझा प्रसंग फोनवर पाठवला. मालिकेतल्या मुलीची हळद आहे, मी अचानक येते, सगळे किंचाळतात. मग घरातले वडील म्हणतात, ताई, तुमच्या त्या गावाकडच्या पद्धतीने आमच्याकडच्यांनाही बोलवा की. आणि मी धवळ्याच्या चालीत बोलावते. कुणाला? तर फ्रिजला, वॉशिंग मशीनला, सोसायटीच्या चेअरमनला, केबलवाल्याला. प्रत्येक नावानंतर थांबायचं, आणि त्या जागेत वडील तोंड वेडंवाकडं करणार.

मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. मी वाचून दाखवलं. तो हसला. खरं सांगायचं तर लिहिलं चांगलं होतं, फ्रिजवाली ओळ मलाही आवडली. त्यामुळेच मी जास्त चिडले.

"बायका मला मांडवात घेतील का यानंतर?" मी म्हणाले.

"येडी हाईस का? आख्खा महाराष्ट्र बगनार. बायका तर वटी भरतील तुजी."

त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याचं काम मांडवाबाहेर, स्पीकरपाशी. माझं दोन्हीकडे. आधी आत उखळापाशी बसून धवळा, मग बाहेर येऊन माईकवर नाचायची गाणी. बाहेरचं गाणं आज माझं आहे, उद्या दुसरी कोणी येईल, तिचा ठेका माझ्यापेक्षा बरा असेल. आतली जागा मात्र कोणी ठेक्यावर देत नाही. ती घरातल्या बायका देतात, आणि काढूनही त्याच घेतात. मुंबईतल्या लोकांसमोर मी धवळ्याची टर उडवली असं एकदा गावात झालं, की अंजूरपासून अंबाडीपर्यंत एकही बाई मला उखळाजवळ बसू देणार नाही. भीती होती ती एवढीच.

मी नाही म्हणायला फोन केला आणि हो म्हणून बसले. अट एवढीच घातली की देवांची नावं नकोत. "अजिबात नाही मॅडम," ती मुलगी म्हणाली, "आपल्याला कुणाच्या भावना दुखवायच्याच नाहीयेत." मावशीला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"देव न्हाय, मान्सं न्हाय, नुसता फ्रिज," मी म्हणाले. "मग बोलावनं कसं व्हईल?"

"चाल तीच हाय ना?" ती म्हणाली. आणि मेथीची जुडी संपल्यावर, "मी येते तुज्यासंगं."

घोडबंदर रोडला आत एका मोठ्या शेडमध्ये ते घर होतं. इतकी वर्षं बघितलेलं घर, आणि त्याला छप्परच नव्हतं. जिना वर जाऊन भिंतीला टेकून संपत होता. हॉलच्या मधोमध मांडव घातला होता, केळीचे खांब खरे, आंब्याची पानं खरी, पाट, कलश, तांदूळ, सगळं खरं. उखळ तेवढं पुठ्ठ्याचं, वर रंग मारलेला. मावशी मांडवाला लांबूनच एक वळसा घालून आली आणि भिंतीशी खुर्चीत जाऊन बसली. तिने पदर डोक्यावरून घेतला होता. ती मांडवात शिरते तेव्हाच तसा घेते.

वडिलांचं काम करणारे नट माझ्याशी बोलायला आले. ज्यांना बघून मी ताटातलं सांडेपर्यंत हसले आहे, ते हेच. माणूस अतिशय सभ्य. मावशीच्या पाया पडले, माझं गाणं ऐकलंय म्हणाले. मग हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त एक करा. नावानंतर जो श्वास आहे ना, तो घाईत उडवू नका. तो मला द्या. बाकी मी बघतो." आयुष्यभर त्या एका श्वासावर माणसाने पोट भरलं होतं, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. मला त्यांच्यावर रागावताही येईना.

पहिल्या वेळी मी चेअरमनच्या आधी केबलवाला घेतला. दुसऱ्या वेळी वॉशिंग मशीन विसरले. तिसऱ्या वेळी फ्रिजवर थांबलेच नाही, धडधडत पुढे गेले, आणि त्या नटांनी वर केलेल्या भुवया तशाच राहिल्या. चाल पुढे ओढत होती आणि शब्द मागे राहत होते. दिग्दर्शक तरुण होता, दर वेळी "छान मॅडम, फक्त एकदा" म्हणत होता, आणि दर वेळी त्याचा आवाज जरा जास्त गोड होत होता. मला तो गोडपणा कळतो. टेम्पो उशिरा पोचला की मीही यजमानांशी तसंच बोलते. चाळीसेक माणसं माझ्यासाठी खोळंबली होती आणि मी त्या सोफ्यावरच्या मांजराच्याही खाली गेले होते.

मग दिग्दर्शकाला वाटलं, उखळ खोटं आहे म्हणून मला जमत नाहीये. तो म्हणाला, "खरं आणा रे. हातात वजन आलं की मॅडमना लय सापडेल." कुठूनसं दगडी उखळ आलं, शिसवी मुसळ आलं, आणि खरी हळकुंडं टाकली. मी भिंतीकडे बघितलं. मावशी उठून उभी राहिली होती. ती मान हलवत होती, नको, नको. पण तोवर "शांतता" झाली होती.

मी मुसळ उचललं. पहिला ठोका पडला, हळदीचा वास वर आला, दुसरा ठोका पडला. हात आपोआप चालू लागला, आणि हात चालला की जीभ आमच्याकडे कुणाची वाट बघत नाही. सुरुवातीच्या दोन ओळी झाल्या. मी तोंड उघडलं फ्रिजसाठी, आणि गावदेवी आली. मी थांबले. मला कळलं की काहीतरी चुकलं, पण मुसळ चालूच होतं. मग घरातली माणसं. आजा आला. मग माझा बाप आला. त्याच्या पूर्ण नावाने मी त्याला हाक मारली, त्या छप्पर नसलेल्या घरात, दिव्यांच्या उजेडात, आणि थांबले.

त्या जागेत कुणीतरी ते नाव परत म्हणायला हवं होतं. मावशी दूर होती, कॅमेऱ्यांच्या मागे. समोर ते नट होते. मी थांबले, श्वास त्यांच्या हातात आला, आणि त्यांनी त्यांचं काम केलं. डोळे मोठे केले, मान एका बाजूला टाकली, कोण आलं हे बघायला दाराकडे वळले. इतकं अचूक केलं की कॅमेऱ्यामागचा एक जण फसकन हसला.

"कट! मॅडम, कमाल! हे लिहिलेलं नाहीये, पण हेच ठेवू!"

मुसळ हातातून सुटलं. मी म्हणाले, "नाही, हे नको, हे खरं आहे, परत करू." दिग्दर्शक म्हणाला, "हो हो, एडिटला बघू," आणि पुढच्या कागदाकडे वळला. मी त्याचा हात धरला. खरोखर धरला. "ते नाव माझ्या वडिलांचं आहे. गेलेत ते." त्याचा चेहरा एका क्षणापुरता उतरला. "सॉरी. बघतो मॅडम. शब्द देतो." तेवढ्यात मांडव सोडायला माणसं आली, कारण त्याच जागी पुढचा प्रसंग लावायचा होता. केळीचे खांब निघायला लागले.

मावशी तरातरा मांडवात आली. "थांबा रे," ती ओरडली. "बसवलं न्हाय, जेवू घातलं न्हाय, आनि मांडव कुठं नेताव?" ती माणसं हिंदी बोलणारी होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दिग्दर्शकाकडे, आणि पुन्हा दोऱ्या सोडायला लागली. मावशीने वाद घातला नाही. तिने कलशाखालचे तांदूळ मुठीत घेतले, पदराच्या ओटीत टाकले, वर गाठ मारली आणि मला म्हणाली, "चल. घरी नेऊ त्यान्ला. ह्यांच्याकडं बसायला जागा न्हाय." माझ्याशी ती एवढंच बोलली.

परतीच्या गाडीत ओटीवर दोन्ही हात ठेवून तिने हलक्या आवाजात धवळा पुढे सुरू केला. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग हलत नव्हती. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "दीदी, अम्मा की तबियत ठीक है ना?"

"गाना हाय बाबा," मावशी म्हणाली. "तू गाडी चला. रेडियो बंद कर."

त्याने मुकाट्याने बंद केला. मावशी एकेक नाव घेत होती आणि थांबत होती, आणि प्रत्येक वेळी मी ते नाव परत म्हणत होते. बापाचं नाव आलं तेव्हा माझा आवाज फुटेना. ती थांबून राहिली. मागून ट्रक हॉर्न मारत होते आणि ती थांबून राहिली, मी म्हणेपर्यंत. घरी आल्यावर तिने तांदूळ पाटावर ठेवले, गूळभात दाखवला आणि सगळ्यांना निरोप दिला. त्या संध्याकाळी मला वाटलं, निस्तरलं.

भाग लागला तेव्हा घरात शेजारपाजारही जमला होता. दिग्दर्शकाने एडिटला बघितलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन वगैरे आधीच्या टेकमधले तुकडे जोडून घेतले होते आणि शेवटाला बापाचं नाव ठेवलं होतं. गावरान, लांबलचक नाव. मी थांबते, ते नट दाराकडे वळतात, आणि त्या जागेत मालिकेच्या मागे लावतात तो हशा आला. खळखळून. मी आजवर कितीतरी वेळा त्या हशाबरोबर हसले आहे. माझ्या बापाला गावात कुणी कधी हसलं नव्हतं. तापट माणूस होता, कुणाची हिंमत नव्हती. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. बाहेर शेजारी हसत होते, टाळ्या वाजवत होते. मी परत आले तेव्हा मावशी जागेवर नव्हती, घरी निघून गेली होती.

क्लिप सगळीकडे फिरली. मी शिव्यांची वाट बघत होते. बायका येऊन जाब विचारतील, कुणी हळद रद्द करील, म्हणून फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे. एकही फोन तसा आला नाही. उलट सुपाऱ्या वाढल्या. नवरा म्हणाला, "बोललो व्हतो ना?" मी त्याच्यावर उगाच खेकसले. मला अगदी हलकं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं.

त्यानंतरची पहिली हळद अंबाडीजवळच्या एका वाडीत होती. मावशी आली, न बोलताच आली, पण आली. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरीने माझ्यासोबत फोटो काढले, पोरींनी गराडा घातला, म्हाताऱ्या बायकांनी गालावरून हात फिरवले. नवरीच्या आईने स्वतः उखळाजवळ पाट मांडला आणि मला बसवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, जागा राहिली माझी.

मुसळ चालू झालं. देव आले, मी थांबले, बायकांनी नावं परत म्हटली. त्या घरातले आजे-पणजे आले. मग नवरीचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी वाडा रोडवर बाईकच्या अपघातात गेलेला, पंचविशीचा पोरगा. त्याचं नाव मला त्याच्या आईनेच कानात सांगितलं होतं, सांगताना माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी ते नाव घेतलं आणि थांबले.

आणि त्या जागेत पोरं हसली.

दुष्टपणा नव्हता त्यात. दाराशी उभी असलेली दहा-बारा पोरं-पोरी, कुणी त्या मेलेल्या पोराचे मित्रही असतील. क्लिप इतक्या वेळा बघितली होती की मी थांबले आणि त्यांना हसू आलं, बस. एकाने तर मान एका बाजूला टाकून दाराकडे बघितलंही. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ती गप्प झाली. नाव परत कुणीच म्हटलं नाही.

नवरीची आई उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मी पाया पडले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. तिने वाकून माझ्या हातातलं मुसळ घेतलं. हळुवारपणे घेतलं.

"बाय, तू भायेर गानी लाव," ती म्हणाली. "लोकं तुजी गानी आयकायला आयलेत. ह्ये आमी म्हनतो."

तिने इकडे तिकडे बघितलं, आणि मावशीपुढे हात केला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. जाऊ नकोस असं मी म्हणाले असते तर ती गेली नसती, हे मला ठाऊक आहे. मी सरकून तिला वाट दिली. ती माझ्या पाटावर बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि पोराचं नाव पहिल्यापासून घेतलं. ती थांबली. सगळ्या बायकांनी ते नाव परत म्हटलं, आईने सगळ्यात मोठ्याने.

मी बाहेर स्पीकरपाशी येऊन उभी राहिले. नवऱ्याने विचारलं, एवढ्यात झालं? मी म्हणाले, आत चालू आहे अजून, वाजवू नकोस.